फ्रंट साइटचा उडालेला काळा रंग : आधी पाहा, मग हात लावा

सकाळच्या बॅचला टार्गेटच्या दहाच्या वर्तुळाजवळ नीट बसणारे शॉट दुपारी चारनंतर उजवीकडे सरकायचे. मुलगी पंधरा वर्षांची, दहा मीटर एअर पिस्तूल, दोन वर्षांचा सराव. आम्ही आधी तिच्या मनगटाला दोष दिला, मग ट्रिगरवरच्या बोटाला, मग रिअर साइट, म्हणजे नेम धरायची मागची खाच, तिच्या स्क्रूचे दोन टप्पे (क्लिक) डावीकडे घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच दोन क्लिक परत द्यावे लागले, कारण आता शॉट डावीकडे. असे दहा-बारा दिवस गेले. एका दुपारी मी तिच्या लेनमध्ये उभा राहून तिचं पिस्तूल उचललं आणि फ्रंट साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या पट्टीच्या, उजव्या वरच्या कोपऱ्यावर केसाएवढी चंदेरी रेघ चमकताना दिसली. उजवीकडच्या खिडकीतून ऊन आत आलं की ती रेघ पेटायची. सकाळी त्या खिडकीत ऊन नसायचं, म्हणून रेघही दिसायची नाही.

त्या मुलीचं काहीच चुकत नव्हतं. तिच्या साइटवरचा काळा रंग उडाला होता, एवढंच. त्या दहा-बारा दिवसांत तिनं स्वतःच्या हातावरचा विश्वास मात्र बराच घालवला, आणि तो परत यायला रंगापेक्षा जास्त वेळ लागला. म्हणून हे काम कसं करायचं ते इथं सविस्तर लिहितो आहे. खर्च फार नाही, वेळ एका संध्याकाळचा. पण चुकीच्या पद्धतीनं केलं तर साइट कायमची बिघडते, आणि मी तशा बिघडलेल्या साइट पाहिल्या आहेत.

केसाएवढी रेघ किती महाग पडते

फ्रंट साइट म्हणजे नळीच्या टोकाकडची काळी उभी पट्टी. जुनी माणसं तिला बंदुकीची माशी म्हणत. स्पर्धेच्या एअर पिस्तुलात ही पट्टी साधारण ४ ते ५ मिमी रुंद असते. नेमबाज टार्गेटच्या काळ्या वर्तुळाच्या खाली, पांढऱ्या भागात ती धरतो. रिअर साइटच्या खाचेत पट्टीच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड आणि दोघींच्या माथ्यांची एक सरळ रेघ, एवढंच डोळ्याला पाहायचं असतं. काळी पट्टी आणि पांढरी पार्श्वभूमी यांच्यातली कडा जितकी धारदार, तितकं हे काम सोपं.

आता ४.५ मिमीच्या पट्टीची उजवी कडा ०.२ मिमी झिजून चमकायला लागली असं धरा. ती चमकणारी रेघ मागच्या पांढऱ्यात मिसळून जाते. डोळ्याला पट्टी ४.३ मिमीची दिसते आणि तिचा मध्य ०.१ मिमी डावीकडे गेल्यासारखा वाटतो. उजवीकडचा उजेड जास्त दिसतो, म्हणून नेमबाज नकळत पट्टी ०.१ मिमी उजवीकडे नेतो. फ्रंट आणि रिअर साइटमधलं अंतर ३३० मिमी असेल आणि टार्गेट १० मीटरवर असेल, तर ०.१ मिमीची चूक टार्गेटवर सुमारे ३ मिमी होते. दहा मीटर पिस्तूल टार्गेटवर एका रिंगपासून पुढची रिंग ८ मिमी अंतरावर असते, म्हणजे दशांशात ०.१ गुण सुमारे ०.८ मिमीचा. तीन मिमी म्हणजे जवळजवळ ०.४ गुण. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर याच प्रकारात कांस्यपदकावर थांबली, तेव्हा पुढच्या स्पर्धकात आणि तिच्यात ०.१ गुणाचा फरक होता.

वरच्या कडेचं गणित याहून कडक आहे. बाजूची कडा ०.२ मिमी हरवली तर दोन्हीकडचा उजेड सारखा करताना चूक अर्धी होते. माथ्याची कडा ०.२ मिमी हरवली तर पट्टी पूर्ण ०.२ मिमी बुटकी दिसते. नेमबाज नळी तेवढी वर उचलतो आणि शॉट ६ मिमी वर जातो. म्हणून एकच गोष्ट नीट करायला वेळ असेल तर माथ्याची मागची कडा करा. बाकीचं नंतर.

पिस्तूल रिकामं आहे हे आधी ठरवा

एअर पिस्तूल असेल तर लोडिंग लिव्हर उघडा, पेलेट (छर्रा) नाही हे डोळ्यांनी पाहा, नळीच्या आरपार जाणारा सेफ्टी फ्लॅग घाला आणि हवेचा सिलिंडर काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. त्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाची हवा असते आणि पुढं आपण कापूर पेटवणार आहोत. ही अट कोणासाठीही सैल करू नका. सिलिंडर हातात आलाच आहे तर त्यावर छापलेली मुदतही पाहून घ्या, कारण स्पर्धेत ती तपासतात.

२५ मीटरचं .२२ पिस्तूल असेल तर मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी पाहून खात्री, आणि काडतुसं त्या खोलीतही नकोत. हे परवान्याचं हत्यार आहे. साइट जागेवर ठेवून काजळी पुसणं किंवा रंगाचा ठिपका देणं तुम्ही करू शकता, पण साइट उतरवणं किंवा नवी बसवणं परवानाधारक दुरुस्तीकाराकडून किंवा रेंजच्या आर्मररकडून (हत्यारांची देखभाल करणाऱ्याकडून) करून घ्या. पोलीस किंवा स्वसंरक्षणाच्या पिस्तुलांच्या साइटवर पांढरा ठिपका किंवा रात्री चमकणारी नळी असते. त्यांचं काम वेगळं, त्यांना हा लेख लावू नका.

दिव्याखाली नीट बघणं

साइट नुसती हातात धरून बघितली तर काहीच कळत नाही. पांढऱ्या भिंतीसमोर पिस्तूल नेम धरल्यासारखं धरा. दुसऱ्या कोणाला तरी मोबाइलचा टॉर्च घेऊन आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग डोक्याच्या वर उभं करा. प्रत्येक वेळी पट्टीची कडा कशी दिसते ते पाहा. कुठंही राखाडी किंवा चंदेरी रेघ उठली तर ती जागा कागदावर चित्र काढून लिहून ठेवा. नंतर मोबाइलच्या कॅमेऱ्यानं रिअर साइटच्या मागून फोटो घ्या. फोटो मोठा केला की डोळा ज्या खुणा सवयीनं माफ करतो, त्याही दिसतात.

हे पाहताना तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका. रंग उडालेला असेल तर कडा धारदार पण चमकती दिसते. हे घरी सावरता येतं. कडा गोल झालेली असेल तर चमक रेघेसारखी न दिसता पट्ट्यासारखी पसरते. अशा कडेला रंग दिला तरी प्रकाश तिच्यावर घसरतोच, तिथं नवी पट्टी हाच उपाय. आणि तिसरी, बहुतेक वेळा सापडणारी गोष्ट म्हणजे तेल. कोणीतरी प्रेमानं अख्खं पिस्तूल तेलाच्या फडक्यानं पुसलेलं असतं आणि फ्रंट साइटवर तेलाचा पातळ थर चमकत असतो. अशा वेळी कोरड्या सुती फडक्यानं पुसलं की काम संपतं.

झीज कुठून येते तेही शोधा. आमच्या मुलीच्या बाबतीत पेटीतला फोम पट्टीच्या आकारापेक्षा अरुंद कापलेला होता. रोज पिस्तूल आत-बाहेर करताना तोच एक कोपरा घासला जायचा. फोम ब्लेडनं एक सेंटीमीटर मोठा कापला, दोन मिनिटांचं काम. ते केलं नसतं तर रंग महिन्याभरात पुन्हा उडाला असता. बाकी ठिकाणी बोटांचा घाम, टेबलावर तोंडाच्या बाजूनं टेकवण्याची सवय, किंवा पावसाळ्यात दमट कव्हरमध्ये पिस्तूल तसंच ठेवणं ही कारणं असतात. मुंबई-कोकणच्या हवेत स्टीलच्या उघड्या कडेवर एका आठवड्यात तांबूस ठिपके येतात.

पट्टी कशाची आहे?

हा प्रश्न सोडवल्याशिवाय बाटली उघडायची नाही. एक साधा लोहचुंबक पट्टीजवळ न्या. चिकटला तर स्टील. नाही चिकटला आणि झिजलेली जागा पांढरट चंदेरी असेल तर बहुधा ॲनोडाइझ केलेलं, म्हणजे वर काळा कडक थर चढवलेलं, ॲल्युमिनियम. नाही चिकटला आणि झिजलेल्या जागीही रंग काळाच असेल, फक्त गुळगुळीत झाला असेल, तर प्लॅस्टिक.

हे एवढ्यासाठी की स्टील काळं करणारं कोल्ड ब्ल्यू ॲल्युमिनियमवर चालत नाही. ॲल्युमिनियमसाठी वेगळं रसायन मिळतं. आणि ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रवात बहुधा असतं ते, स्टीलवर उत्तम पण प्लॅस्टिकला मऊ करून टाकतं. प्लॅस्टिकची पट्टी साबणाच्या कोमट पाण्यानंच धुवायची.

उतरवणं आणि स्वच्छ करणं

पट्टी ज्या जागी आहे त्या जागेचा आधी वरून आणि बाजूनं फोटो काढा. स्पर्धेच्या बहुतेक एअर पिस्तुलांत ती एका छोट्या ॲलन स्क्रूवर असते. काहींत पट्टी फिरवून रुंदी बदलता येते, तिथं कोणती बाजू मागे होती ते लिहून ठेवा. ॲलन की नेमक्या मापाचीच घ्या. ढिली की एकदा घसरली की स्क्रूचा षटकोन गोल होतो आणि मग ते काम आपल्या हातात राहत नाही. खाली पांढरा टॉवेल अंथरा, कारण तो स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो.

पट्टी उतरली की हातात नायट्राइलचे पातळ हातमोजे घाला. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा, स्टील असेल तर, ॲसिटोन कापसाच्या काडीवर घेऊन मागचा चेहरा (नेमबाजाकडची बाजू), दोन्ही बाजू आणि माथा पुसा. काडी काळी झाली की नवी घ्या. शेवटची काडी पांढरी राहिली पाहिजे. यानंतर उघड्या बोटानं स्पर्श केला तर बोटाचं तेल लागतं आणि नेमका तिथंच रंग धरत नाही. मी पट्टी पायाकडून चिमट्यात धरतो आणि काम संपेपर्यंत चिमटा सोडत नाही.

गंज असेल तर? सपाट भागावर अगदी बारीक, ०००० नंबरची स्टील वूल तेलात बुडवून हलकी फिरवा, मग पुन्हा सगळं पुसा. कडेवर मात्र स्टील वूलही नाही आणि पॉलिश पेपर तर अजिबात नाही. एका शाळकरी मुलाच्या वडिलांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पट्टी ‘नीट साफ करून, काळी करून’ आणली होती. रंग छान होता, पण त्याआधी तिथं पट्टी चाकावर धरली होती आणि चारही कोपरे गोल झाले होते. नव्या पट्टीची ऑर्डर येईपर्यंत मुलानं दुसऱ्याच्या पिस्तुलावर सराव केला. धातू एकदा गेला की परत येत नाही. या कामात घासण्यानं काही कमावता येत नाही, घालवता मात्र सगळं येतं.

कापराची काजळी, सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात काळा उपाय

स्पर्धा उद्यावर असेल तर मी रंगाच्या वाटेला जात नाही, कापूर काढतो. जगभरच्या नेमबाजांनी कार्बाइडच्या दिव्याची किंवा कापराची काजळी साइटवर धरली आहे. आपल्या घरात तर देव्हाऱ्यापाशीच तो डबा असतो. कापराची काजळी कोरडी असते. तेलाच्या दिव्याची काजळी चिकट, तिला चमक असते. मेणबत्तीच्या काजळीत मेण येतं. घरी तूप घालून करतात ते काजळ डोळ्याला छान, पण साइटवर तेच तूप आरशासारखं चमकतं. म्हणून कापूरच.

हे फक्त उतरवलेल्या धातूच्या पट्टीवर करायचं. पिस्तुलावर बसलेल्या पट्टीखाली कधीही ज्योत धरायची नाही, आणि प्लॅस्टिकच्या पट्टीलाही नाही. खोलीत पंखा बंद, खिडकी उघडी. जुन्या स्टीलच्या झाकणात शेंगदाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढा कापराचा तुकडा ठेवा. मोठा तुकडा घेतला तर ज्योत हातभर उठते आणि काजळी पट्टीवर कमी, छतावर जास्त जाते. पेटवा. चिमट्यात पायाकडून धरलेली पट्टी, मागचा चेहरा खाली करून, ज्योतीच्या टोकाच्या वर तीन-चार सेंटीमीटरवर धुरात आडवी न्या. थांबवू नका, हलकं पुढं-मागं. पाच-सहा सेकंदांत चेहरा मखमलीसारखा काळा होतो, इतका काळा की त्याचा आकारच नुसता दिसतो, पृष्ठभाग दिसत नाही. मग माथा, मग दोन्ही बाजू.

थर पातळ हवा. जाड काजळी कडेवर धाग्यांसारखी लोंबते आणि मोठ्या केलेल्या फोटोत पट्टीला मिशा आल्यासारख्या दिसतात. तसं झालं तर सगळी काजळी अल्कोहोलनं पुसून पुन्हा करा; वरून फुंकर मारून किंवा बोटानं निवडून ती नीट होत नाही. जुन्या काजळीवर नवी चढवणंही टाळा, नेहमी स्वच्छ धातूपासून सुरुवात.

काजळीचा दोष उघड आहे. बोट लागलं की गेली. पट्टी बसवताना चिमट्यानंच बसवा आणि पेटीत फोम तिला टेकणार नाही हे पाहा. मी एक लहान प्लॅस्टिकची डबी अर्धी कापून साइटवर उपडी ठेवतो, प्रवासात काजळी तशीच राहते. नेम धरण्याआधी ती डबी आठवणीनं काढायची. स्पर्धेत शूटिंग करताना साइटवर कोणतंही आवरण चालत नाही, नियमात ते स्पष्ट आहे.

बाजारात साइट काळी करायचा मॅट स्प्रेही मिळतो. तो उडवायला सोपा आहे, पण पिस्तूल अख्खं झाकावं लागतं आणि विमानातून तो डबा नेता येत नाही. बाहेरगावच्या स्पर्धेला जाणाऱ्यांनी त्यावर अवलंबून राहू नये.

स्टीलवर कोल्ड ब्ल्यू

काजळी ही त्या दिवसापुरती. झिजलेलं स्टील उघडं राहिलं तर गंजणार, म्हणून खाली काहीतरी टिकाऊ हवं. कोल्ड ब्ल्यूच्या द्रवात सहसा सेलेनियमचं आम्ल आणि तांब्याचं क्षार असतं. स्टीलवर त्यांचा काळसर थर बसतो. सेलेनियम विषारी आहे. हातमोजे, उघडी खिडकी, डोळ्यावर चष्मा, आणि हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर नाही. वापरलेला द्रव वॉश बेसिनमध्ये ओतू नका, कापसात शोषून झाकणाच्या बरणीत बंद करा. लहान मुलं घरात असतील तर बाटली कुलपात ठेवा.

स्वच्छ केलेली पट्टी हेअर ड्रायरनं कोमट करा, हाताला गरम लागेल पण भाजणार नाही इतपत. थंड धातूवर थर फिकट बसतो. बाटलीतला द्रव चार-पाच थेंब वेगळ्या झाकणात घ्या. काडी कधीच बाटलीत बुडवू नका, एका घाणेरड्या काडीनं अख्खी बाटली कमकुवत होते. कापसाची काडी ओली करून झिजलेल्या जागेवर एका दमात, एकाच दिशेनं फिरवा. रंग पटकन धरतो, आधी राखाडी, मग निळसर काळा. बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा. बहुतेक वेळा तो अर्धा ते एक मिनिट असतो. मग वाहत्या थंड पाण्याखाली धरा, मऊ फडक्यानं टिपून कोरडी करा आणि पुन्हा तेच. पहिल्या वेळी डाग-डाग दिसला तर घाबरू नका. तीन ते पाच वेळा केल्यावर रंग आजूबाजूच्या जुन्या रंगाच्या जवळ जातो. अगदी एकसारखा तो होत नाही आणि होण्याची गरजही नाही.

शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात पट्टी बुडवून काढा, साध्या पाण्यानं धुवा, ड्रायरनं पूर्ण सुकवा आणि तेलाचा हात फिरवून रात्रभर ठेवा. धुण्यात कंटाळा केला तर उरलेल्या रसायनानं चार दिवसांत गंज येतो आणि दोष मात्र रसायनाला दिला जातो. सकाळी तेल पूर्ण पुसून टाका, कारण साइटच्या मागच्या चेहऱ्यावर तेल राहू द्यायचं नाही.

आता एक गोष्ट, जी बाटलीवर कधी लिहिलेली नसते. कोल्ड ब्ल्यू रंग बदलतं, पोत बदलत नाही. फोमनं घासून आरशासारखी झालेली कडा ब्ल्यू केल्यावर काळी होते, पण गुळगुळीतच राहते, आणि तिरक्या उजेडात काळी चीजही चमकते. कारखान्यातून आलेल्या पट्टीचा मागचा चेहरा खालून आत कापलेला असतो किंवा त्यावर बारीक आडव्या रेघा असतात, त्या याचसाठी, की वरून येणारा प्रकाश डोळ्याकडे परतू नये. म्हणून मी ब्ल्यूला अस्तर मानतो. गंज थांबवायचं काम त्याचं. चमक मारायचं काम वरच्या मॅट थराचं किंवा काजळीचं.

मॅट रंगाचा थर

ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकला हाच मुख्य उपाय, स्टीलला ब्ल्यूवरचा दुसरा. मॉडेल बनवणारे वापरतात तो पाण्यातला मॅट काळा ॲक्रिलिक रंग सगळ्यात सोयीचा. तो मिळाला नाही तर हार्डवेअरच्या दुकानातला फळ्याचा रंगही चालतो. शाळेचा फळा चमकू नये म्हणूनच तो मॅट केलेला असतो. तो दाट असतो, थिनरनं दुधाइतका पातळ करून घ्या. थिनरमुळे तो प्लॅस्टिकवर मात्र लावू नका. परमनंट मार्कर टाळा. सुकल्यावर त्याला जांभळी झाक येते आणि तो चमकतो. आमच्या रेंजवर निम्म्या मुलांच्या साइटवर मार्करच असतो आणि मी तो पुसतच असतो. ऑइल पेंट आणि नेलपॉलिशबद्दल वेगळं सांगायला नको.

ब्रशनं रंग दिला की त्याचा थेंब कडेवर जमतो आणि सुकून तिथं कणा उठतो. म्हणून भांडी घासायच्या स्पंजचा मऊ पिवळा भाग, चण्याच्या डाळीएवढा कापून चिमट्यात धरा. रंगात टेकवा, जुन्या वर्तमानपत्रावर तीन-चार वेळा टिपा, जवळजवळ कोरडा वाटेपर्यंत. मग झिजलेल्या जागेवर नुसता थोपटा, ओढू नका. स्पंजच्या छिद्रांमुळे पृष्ठभागावर अगदी बारीक खरखरीतपणा येतो, आणि चमक तोच मोडतो. दिशा नेहमी चेहऱ्याच्या मधून कडेकडे, म्हणजे कडेवर कमीत कमी रंग पोचतो. वीस मिनिटं थांबा, दुसरा हात तसाच. दोन हात पुरतात. तिसरा दिलात तर भिंगातून कडा पाहा. ती जाड वाटली तर अल्कोहोलनं पुसून नव्यानं सुरू करा.

गुळगुळीत उघड्या ॲल्युमिनियमवर रंग फार दिवस टिकत नाही, नखानं खरवडला तर निघतो. टिकावा म्हणून खाली सँडपेपर मारायचा मोह होईल. तो मारू नका, त्यापेक्षा दर दोन महिन्यांनी रंग द्या. .२२ पिस्तुलाच्या साइटवर रंग याहून लवकर जातो, कारण नळीच्या तोंडाशी दर सरावाला बारूदाची काजळी बसते आणि ती पुसणारं सॉल्व्हंट रंगही उचलतं. तिथं साफसफाई करताना साइटवर मास्किंग टेपचा तुकडा लावून ठेवा.

रंग हाताला कोरडा लागला तरी रात्रभर पट्टी बसवू नका.

परत बसवणं आणि दुपारी चारची परीक्षा

काढलेल्या फोटोशी ताडून पट्टी त्याच बाजूनं, आधी होती तितकीच आत बसवा. स्क्रू दोन बोटांच्या जोरानं, मनगटाच्या नाही. रिअर साइटला हात लावू नका. पट्टी कणभर जरी वेगळी बसली असली तरी ते आता टार्गेटच सांगेल.

पहिल्या पाच शॉटवर निर्णय घेऊ नका. नव्या काळ्या कडेची डोळ्याला सवय नसते, पट्टी आधीपेक्षा रुंद वाटते आणि सुरुवातीचे शॉट भरकटतात. आधी पांढऱ्या भिंतीवर दहा मिनिटं ड्राय फायर करा, म्हणजे पेलेट न घालता नेम धरून ट्रिगर दाबा. मग पाच-पाच शॉटचे तीन ग्रुप घ्या आणि तिन्हींचा मध्य पाहून मगच क्लिक द्या. झिजलेल्या काळात कोणी भरपाईचे क्लिक दिले असतील तर ते आता उलटे निघतील. त्याचं आश्चर्य वाटू देऊ नका.

त्यानंतर खरी परीक्षा. नियमाप्रमाणे बंदिस्त रेंजवर टार्गेटवर किमान १५०० लक्स प्रकाश असतो, तो बदलत नाही. बदलतो तो नेमबाजाच्या बाजूचा उजेड, खिडकीचा, दरवाज्याचा, डोक्यावरच्या ट्यूबचा. म्हणून एकाच दिवशी तीन वेळा ग्रुप घ्या : सकाळी, ऊन तिरकं असताना, आणि खिडक्या बंद करून फक्त दिव्यांवर. तिन्ही टार्गेट एकावर एक ठेवून उजेडाकडे धरा. मध्य एकमेकांवर बसले तर काम झालं. एखादाच बाजूला गेला तर तो कोणत्या बाजूला गेला ते पाहा. उजवीकडे गेला तर उजवी कडा, वर गेला तर माथा, तिथं अजून चमक आहे.

त्या मुलीच्या पट्टीला आम्ही ब्ल्यूचे चार हात आणि मॅट रंगाचे दोन दिले. पहिल्या चाचणीत दुपारचा ग्रुप अजून अंदाजे एक मिमी उजवीकडे होता. भिंगातून पाहिलं तर कोपऱ्याच्या टोकावर स्पंज पोचलाच नव्हता. लाकडी टूथपिकच्या टोकानं तिथं रंगाचा एक ठिपका दिला, रात्रभर सुकवला. दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वाचारला, खिडकीतलं ऊन तिच्या खांद्यावर असताना, तिनं पाच शॉट मारले आणि टार्गेट सकाळच्या टार्गेटवर ठेवून माझ्याकडे आणून दिलं. दोन्ही मध्य एकाच जागी होते. रिअर साइट हा सगळा घोळ सुरू होण्याआधी होती त्याच क्लिकवर होती.